शिवण कुणीकडे झुकवायची

गोधडीसाठी दोन चौकोनी तुकडे घ्या. एक गडद, जुन्या लुगड्यातला डाळिंबी. दुसरा पांढरा, बुऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवरचा. सुलट बाजू समोरासमोर ठेवून काठापासून पाव इंच आत टीप मारली की जोड झाला असं वाटतं. पण तुकडे उघडून उलटे धरले की मधोमध एक पाळ उभी राहिलेली दिसते. पाव इंच डाळिंबी आणि पाव इंच पांढरं. सुलट्या बाजूला या दोघांचा पत्ता नसतो, उलट्या बाजूला मात्र ती हटून बसलेली असतात. त्यांना कुठंतरी जागा द्यावीच लागते. डाळिंबीच्या पाठीशी, पांढऱ्याच्या पाठीशी, नाहीतर दोन्ही पाकळ्या उलगडून एक इकडे, एक तिकडे.

हे ठरवायचं आणि मग दाबून पक्कं करायचं, एवढंच काम. दिसायला चिमूटभर, पण गोधडी पुढे सरळ येणार की वेडीवाकडी, हे बरंचसं इथं ठरतं. शंभर तुकड्यांची गोधडी धरा, दहा रांगा, रांगेत दहा तुकडे. रांगांमधले तुकडे जोडताना नव्वद छोट्या शिवणी येतात, मग रांगेला रांग लावताना नऊ लांब शिवणी. प्रत्येक शिवणीला आधी टीप, मग दाब. घाईच्या हाताला वाटतं, सगळं शिवून घेऊ आणि शेवटी एकदाच इस्त्री मारू. तसं होत नाही. आडवी शिवण उभ्या शिवणीवरून गेली की खालची पाळ जिकडे पडली असेल तिकडेच कायमची अडकते. मग वरून कितीही गरम इस्त्री टेकवा, ती सरकत नाही.

शिवणकाम शिकवणाऱ्या बायका मुलींना म्हणतात ते या कारणानं. ‘टीप मारली म्हणजे झालं नाही माय, आधी बसू दे तिला. मग पुढची लाव.’ ‘बसू दे’ हा सांगण्याचा सूर मला आवडतो. जोडणं आणि बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण सहसा पहिल्यालाच काम म्हणतो.

दाबायची रीतही ठरलेली आहे. जोडलेले तुकडे उघडायच्या आधी, आहेत तसे मिटलेलेच ठेवायचे आणि टीपेवर इस्त्री टेकवायची. त्यानं दोरा कापडात मुरतो, टीपेच्या सुरकुत्या जातात. मग गडद तुकडा वर येईल असं ठेवून वरचा पदर उलटायचा आणि सुलट्या बाजूनं शिवणीवर पुन्हा इस्त्री टेकवायची. खालची पाळ आपोआप गडदाच्या पाठीशी जाते. गडदाकडेच का? पांढऱ्याखाली डाळिंबी पाळ गेली तर तिची सावली वर दिसते आणि गोधडी धुतलेली असूनही मळकी वाटते. गडद कापड मात्र पाठीशी काय दडलंय ते दाखवत नाही.

‘टेकवायची’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. शर्टाला इस्त्री करताना ती फिरवतात. इथं फिरवायची नाही. उचलायची, ठेवायची, दाबायची, उचलायची. कापडाचे उभे आणि आडवे धागे ताण सोसतात, पण तिरक्या अंगानं कापड रबरासारखं ओढलं जातं. शिंपी त्याला उरेब म्हणतात. त्रिकोणी तुकड्याची एक तरी कड उरेबमध्ये येतेच. तिच्यावरून इस्त्री सरकवली की त्रिकोण लांबतो, आणि चार त्रिकोण जोडून चौकोन करायला जावं तर मधे फुगा येतो. कापलं बरोबर, शिवलं बरोबर, आणि बिघडलं ते इस्त्रीखाली. अशा वेळी माणूस मापपट्टी पुन्हा पुन्हा लावून बघतो आणि त्याला चूक सापडत नाही, कारण कात्रीत ती नव्हतीच.

कापड असं का ऐकतं, याचं कारण कापसात आहे. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना हलक्या रासायनिक बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या जरा सैल होतात. उष्णतेनं पाणी उडून गेलं की बंध पुन्हा जुळतात, पण त्या क्षणी कापड ज्या आकारात असेल त्या आकारात. म्हणून सुती कापडावर कोरड्या इस्त्रीपेक्षा पाण्याचा शिपका मारून केलेली इस्त्री कडक घडी पाडते. आणि म्हणूनच इस्त्री उचलल्याबरोबर तुकडा ओढायचा नाही. तो गार होईपर्यंत आहे तिथंच राहू द्यायचा. ऊन आणि ओल दोन्ही असेतो कापड अजून मन बदलू शकतं.

बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारसारख्या गावात गोधडी शिवताना इस्त्री फार काळ कुणी हाताशी घेतली नसणार. आपल्याकडची गोधडी मुळात या इंच-पट्टीच्या शिस्तीत वाढलेली नाही. तापीच्या दोन्ही काठांना, खानदेशात आणि निमाडात, रीत साधारण एकच. अंगणात किंवा ओसरीवर जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर आणखी दोन-तीन थर, धोतर, फाटकी चादर, जे असेल ते. चार कोपऱ्यांना वजन ठेवायचं. वरून तुकडे मांडायचे, प्रत्येक तुकड्याची कड आत मुडपायची आणि जाड सुईनं सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा. कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. इथं दोन तुकड्यांची पाळ वेगळी उभी राहत नाही, पण मुडपलेली कड असतेच, आणि ती बसवावी लागतेच. ती बसवतात अंगठ्याच्या नखानं. बोट ओलं करायचं, कडेवरून फिरवायचं, मग नख दाबून ओढायचं. ऊब बोटाची आणि ओल पाण्याची. इस्त्रीत जे होतं तेच, कमी उष्णतेत आणि जास्त वेळात. घाई नसेल तर मुडपलेले तुकडे रात्रभर गादीखाली ठेवायचे. शाळेचे कपडे गादीखाली घालून सकाळी कडक घडीत काढणाऱ्या पिढीला हे समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरी थोडी ऐपत होती ते पितळी तांब्यात निखारे घालून त्याचं गरम बूड कापडावरून दाबायचे. कोळशाची इस्त्री मागून आली, विजेची त्याहून मागून.

गोधडीच्या आधीही लुगड्याला शिवण बसवण्याची गरज पडायचीच. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्या-उठण्यानं ते मधेच विरतं, दोन्ही टोकं मात्र धड राहतात. मग विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि धड टोकं जोडायची. याला दंड घालणं म्हणायचे. दंड घातलेलं लुगडं नेसून दिवसभर निंदणी करायची म्हणजे ती शिवण मांडीखाली, पोटरीशी घासायची. पाळ उभी राहिली तर कातडी सोलवटायची. दंडाची शिवण सपाट करून घेणं यात दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तिचा प्रश्न थेट अंगाशी होता. पुढं ते दंडाचं लुगडंही विरायचं आणि गोधडीच्या पोटात जायचं. जुन्या गोधडीच्या थरात हात घातला तर एखाद्या ठिकाणी आडवी कडक रेघ लागते. तो दंड असतो.

तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीत पाळ एका बाजूला झुकवायची की उलगडायची, यावर शिवणाऱ्यांत जुना वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना कारणं आहेत. हातानं धावदोरा घातला असेल तर दोन टाक्यांमध्ये फट राहते. पाळ उलगडली तर त्या फटीतून आतला कापूस डोकावतो, आणि ओढ पडली की सगळा ताण एकट्या दोऱ्यावर येतो. एका बाजूला झुकवली तर दोऱ्यावर कापडाचं पांघरूण पडतं. मशीनची टीप दाट असते, तिथं उलगडून दाबलेली पाळ चालते आणि शिवण पातळ होते. माझा कल झुकवण्याकडे. उलगडलेल्या पाळीत कुणी कुणाचा भार घेत नाही.

पण सगळ्या पाळी एकाच दिशेनं झुकवून चालत नाही, आणि खरं कसब तिथं आहे. पहिल्या रांगेतल्या पाळी उजवीकडे दाबल्या तर दुसऱ्या रांगेतल्या डावीकडे दाबायच्या. मग या दोन रांगा समोरासमोर ठेवल्या की एकीची पाळ दुसरीच्या पाळीला जिथं भिडते तिथं त्या एकमेकींत चपखल बसतात. बोटानं चाचपलं तरी कळतं, दोन जाड कडा अडून थांबतात आणि मधे पोकळी राहत नाही. टाचणीही लागत नाही. चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूत येतात. दोन्ही पाळी एकाच बाजूला असत्या तर तिथं एकावर एक जाडी चढली असती, सुई वाकली असती, कोपरा अर्धा सूत बाजूला सरकला असता. आठ टोकं एकत्र येणारी चांदणी असेल तर मध्यावर सोळा पदर जमतात. तिथं प्रत्येक पाळ एकाच फेरीत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वळवून दाबतात, म्हणजे जाडी एका ठिकाणी न साचता गोल पसरते.

सूत-सुताचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. पाळ नीट दाबली नाही तर शिवणीच्या तोंडाशी कापडाची बारीकशी वळी राहते. एक मिलिमीटर धरा. डोळ्याला ती दिसतही नाही. सोळा तुकड्यांच्या रांगेत पंधरा शिवणी. रांग पंधरा मिलिमीटर आखूड, अर्ध्या इंचाहून जास्त. शेजारची रांग दुसऱ्या हातानं, नीट दाबून केली असेल तर दोन्ही रांगांचे कोपरे शेवटी जुळतच नाहीत. मग कुणीतरी ओढून ताणून जुळवतं आणि गोधडी अंथरल्यावर लाटेसारखी उचलते.

बुऱ्हाणपूर आणि कापड हे जुनं नातं. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए इथून गेला तेव्हा त्याला इथली झिरझिरीत मलमल दिसली. ती इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात होती. त्यातल्या काही कापडावर रंगीत फुलं असत आणि त्याची ओढणी, रुमाल, पलंगावरची पांघरुणं होत, असं त्यानं लिहून ठेवलंय. आता तिथं पॉवरलूमचा खडखडाट आहे. कोरं मांजरपाट, धोतर, केंब्रिक आणि बुकरम. बुकरमची मला गंमत वाटते. कॉलरच्या आत, कफाच्या आत, पँटच्या पट्ट्यात ते असतं. शर्ट विकत घेणारा रंग बघतो, पोत बघतो, बटणं बघतो. आतलं बुकरम कुठून आलं हे कुणी विचारत नाही. ज्या शहराची मलमल कैरोला मिरवली त्याच शहरातून आता कपड्याच्या आत दडणारं कापड देशभर जातं, आणि कॉलर ताठ उभी राहते ती त्याच्या जिवावर. पर्यटक मात्र बुऱ्हाणपुरात येतात ते मुमताजमहल १६३१ साली इथं वारली म्हणून.

फोपनारकडे यायला आणखी एक वाट आहे. या गावाचं नाव देशभरच्या मूर्तिशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे गावाबाहेर फार थोड्यांना ठाऊक असेल. इथं ब्राँझच्या बुद्धमूर्ती सापडल्या, वाकाटकांच्या काळाच्या, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातल्या. अजिंठ्याची लेणी कोरली आणि रंगवली जात होती त्याच्या आसपासचा हा काळ. त्यातल्या काही मूर्ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. कलेचे अभ्यासक त्यांचा चेहरा, हाताची मुद्रा, ओतकाम बघतात. मला त्यांच्या अंगावरचं वस्त्र बघताना विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातली, एक हकिगत आठवते, कारण ते वस्त्र, भिक्षूचं चीवर, नियमानं तुकड्यांचं असतं.

बुद्ध राजगृहाहून दक्षिणगिरीकडे निघाले होते. वाटेत मगधाची शेतं दिसली. बांध, बांधांचे आडवे-उभे पट्टे, चौकोनी वाफे. त्यांनी शिष्य आनंदाला विचारलं, भिक्षूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदानं करून दाखवलं. लांब पट्ट्या, मधे आखूड पट्ट्या, कडेला किनार. बुद्धांनी त्याची वाखाणणी केली आणि कारणंही सांगितली. कापून जोडलेलं वस्त्र श्रमणाला शोभतं, आणि कुणाला ते हिसकावून न्यावंसं वाटत नाही. अखंड कापड चोराच्या कामाचं, तुकडे केलेलं नाही. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्यांचं पांसुकूल चीवर हा तर त्याहून पुढचा टप्पा.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या शिवणकामाचे बारीकसारीक नियम आहेत आणि ते वाचताना एखादा शिवणवर्ग डोळ्यांसमोर येतो. आधी भिक्षू कोंबड्याच्या पिसानं आणि बांबूच्या काडीनं शिवायचे. शिवण बिघडायची, म्हणून सुईची परवानगी मिळाली. सुया गंजायला लागल्या, म्हणून बांबूची सुईनळी आली, आणि तीत सातूचं पीठ, मग दगडाची पूड भरायचं ठरलं. कापड तिरकं जाऊ लागलं, म्हणून ते चौकटीवर ताणून बांधायची सोय झाली, त्या चौकटीचं नाव कठिन. टाके असमान पडायचे, म्हणून आखणीच्या खुणा आल्या. ओळ वाकडी जायची, म्हणून आधी कच्चा दोरा टाकायची मुभा मिळाली. बोटं टोचायची, म्हणून अंगुस्तान आलं. मग काही जण सोन्या-चांदीची अंगुस्तानं वापरू लागले आणि लोक नावं ठेवू लागले, म्हणून तीही बंद. निर्वाणाच्या वाटेवर निघालेल्यांना वाकड्या टाक्याची एवढी फिकीर का करावी लागली? मला वाटतं, तुकड्यांचं वस्त्र घालायचं ठरवलं की शिवणीकडे दुर्लक्ष करायची सोयच राहत नाही. अखंड कापड कसंही गुंडाळलं तरी ते कापडच असतं. तुकडे नीट बसले नाहीत तर चिंध्याच राहतात. जपानमधल्या झेन परंपरेत आजही पाच, सात, नऊ अशा विषम पट्ट्यांचं ‘केसा’ हातानं शिवतात आणि काही ठिकाणी प्रत्येक टाक्याला शरण वचन म्हणतात. उलट्या बाजूला काय चाललंय याकडे लक्ष ठेवायची ही एक रीत म्हणायची.

कोरियातल्या बायका ‘जोगाकबो’ नावाचे तुकड्यांचे रुमाल करतात. तिथं पाळ मुळी उघडी ठेवतच नाहीत. एक कड दुसरीत गुंडाळून बंद शिवण घालतात, मग रुमालाला उलट-सुलट बाजू राहत नाही. खिडकीत धरला तर शिवणींची जाळी दिसते. देखणं काम आहे. पण अशा रुमालाला अस्तर नसतं. गोधडीला असतं, आणि अस्तर लागलं की उलटी बाजू कुणी पुन्हा पाहत नाही.

इथं मला फोपनारच्या मराठीची आठवण येते. बुऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला, खानदेश मोगलांचा सुभा झाला, तरी मुख्य शहर हेच राहिलं. इंग्रजांच्या अमलात खानदेश मुंबई इलाख्यात गेला आणि त्याची ही राजधानी मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी मांडणी झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले, निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला. १५ ऑगस्ट २००३ ला बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. महाराष्ट्रातल्या रावेरकडून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा अखंड लागतात, त्यांना सरहद्दीची खबर नसते. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, लग्नाच्या पत्रिका नातेवाइकांच्या सोयीनं कधी ही कधी ती. सुना जळगाव जिल्ह्यातून येतात, मुली तिकडे जातात.

नकाशावर सुलट्या बाजूनं पाहिलं तर दोन राज्यं रेषेला रेष लावून जोडलेली दिसतात. या गावांची मराठी म्हणजे त्या जोडाची पाळ. १९५६ साली ती हिंदीच्या अंगाला झुकवून दाबली गेली. कुणीकडे झुकवायची हे ठरवणारे दूर होते आणि त्यांच्यापुढं अडचणी होत्या, हे मान्य. पण शिवणारा हात पाळीकडे उरलेलं कापड म्हणून पाहत नाही. नवशिके शिवण पातळ करायच्या नादात पाळ कातरत कातरत टीपेपर्यंत येतात. सुलट्या बाजूनं ती शिवण फार सुबक दिसते. दोन-चार धुण्यांत धागे निसटतात आणि टीप जागच्या जागी असताना दोन्ही तुकडे सुटे होतात. जोड टिकतो तो त्या न दिसणाऱ्या पाव इंचावर. फोपनारच्या घरातलं दोन भाषांचं बोलणं, सीमेपलीकडची सोयरीक, बाजाराचा एक दिवस इकडे, एक तिकडे, हे त्या पाव इंचातलं आहे. दोन्ही राज्यांच्या कागदांत त्याची नोंद एका रकान्याएवढीच असते.

आणि झुकवलेल्या पाळीचं आणखी एक. ज्या तुकड्याकडे ती झुकते तिथं कापड तीन पदरी होतं, दुसरीकडे एकपदरीच राहतं. धावदोरा घालताना सुई त्या बाजूनं जड जाते. पण गोधडी झिजते तेव्हा तीन पदरी भाग शेवटी विरतो.

शिवणकामात मात्र एक सवलत आहे. पाळ चुकीच्या अंगाला दाबली गेली तर कापसाला ओल द्यायची, ती घडी विसरते. मिटल्या तुकड्यांवर पुन्हा इस्त्री टेकवायची, पाळ उभी करायची आणि दुसरीकडे पाडायची. आडवी शिवण वरून गेलेली नसेल तोवर हे कितीदाही करता येतं. गेली असेल तर लोक सगळं उसवायला बसतात. जाणत्या बाया उसवत नाहीत. कात्रीचं टोक घेऊन पाळीला टीपेजवळ, दोऱ्याला धक्का न लावता, एक बारीक चीर देतात. त्या चिरेपासून अलीकडची पाळ आहे तशी डावीकडे राहते आणि पलीकडची उजवीकडे वळते. मग दोन्हीकडे पाण्याचा शिपका आणि इस्त्री.